लेक जेवायची थांबली तेव्हा: निदान, ॲडमिशन, विमा आणि घरचं ताट

माझ्या मुलीला ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढायच्या भीतीनं खाणं घटत जातं तो मानसिक आजार झाला. आता ती बरी होत आली आहे, दहावीत आहे. निदान होईपर्यंतचे महिने, हॉस्पिटल, घरातले उपचार, विम्याचं भांडण या सगळ्या काळात आम्हाला मराठीत वाचायला फारसं काही सापडलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय. तिला विचारूनच लिहितोय. तिनं मसुदा वाचून दोन परिच्छेद काढायला लावले, ते काढलेत. वजनाचे किलो आणि कॅलरींचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. या आजारातली मुलं असे आकडे शोधत फिरतात आणि त्यांच्याशी स्वतःची तुलना करतात.

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, हिची आई हायस्कूलमध्ये शिकवते. माझे वडील तालमीतले, त्यामुळे खुराक, थंडाई, जोर-बैठका हे आमच्या घरातले रोजचे शब्द. लेक सहावीपासून मॅटवर कुस्ती खेळते.

२०२४ च्या जूनमध्ये तिनं एक वजनगट खाली उतरायचं ठरवलं. कुस्तीत हे सर्रास चालतं. त्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिक सुरू होतं. आपल्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं तेव्हा सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला, आणि ७ तारखेला विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून फायनलआधी अपात्र ठरली. तालमीत, चहाच्या गाड्यावर, घरात जेवताना, जिथं जाल तिथं १०० ग्रॅम हाच विषय. लेक काही न बोलता ऐकत बसायची. गट बदलण्यासाठी वजन कमी करणं म्हणजे काही आजार नव्हे. कितीतरी मल्ल ते करतात आणि स्पर्धा संपली की पुन्हा नीट जेवायला लागतात. हिची स्पर्धा सप्टेंबरात संपली, गट मिळाला, तरी ताट काही भरलं नाही. भाकरी अर्ध्याची पाव झाली. दूध बंद झालं. माझ्या मते फरक पहिल्यांदा दिसतो तो इथंच: कारण संपलं तरी कमी खाणं संपत नाही.

ऑक्टोबरात नवरात्र आलं. तिनं नऊ दिवस कडक उपवास धरला आणि सगळ्यांनी कौतुक केलं. एवढ्या लहान वयात अंबाबाईचं एवढं करते म्हणून शेजारच्या काकूंनी तिची ओटी भरली. आपल्याकडं उपवासाला मान आहे, आणि या आजाराला लपायला तीच सगळ्यात सोपी जागा. सोमवार, एकादशी, संकष्टी, कुठलाही दिवस पुरतो. दिवाळीत तर तिनं फराळाचा ताबाच घेतला. चकलीची भाजणी, करंजीचं सारण, सगळं स्वतः केलं. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ बघायची, आम्हाला आग्रह कर-करून वाढायची. स्वतः एक चकलीही तोंडात घातली नाही. खाण्याचा एवढा विचार करणारी मुलगी जेवत नाही, हे कोडं आम्हाला तेव्हा सुटत नव्हतं. त्याचं उत्तर पुढं डॉक्टरांनी दिलं, ते खाली लिहितोच.

नोव्हेंबर गेला तो चुकीच्या दारांत. पाळी सप्टेंबरपासून आली नव्हती, म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. सोनोग्राफी झाली, १,२०० रुपये. पीसीओडी नाही, परीक्षेचा ताण असेल, असं सांगून परत पाठवलं. केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञ, तिथं मल्टिव्हिटामिन आणि महागडा शाम्पू. जेवल्यावर पोट फुगतं म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळे रिपोर्ट जवळपास नॉर्मल. हे मुद्दाम सांगतोय, कारण रक्ताचे रिपोर्ट चांगले आले की घरच्यांना धीर येतो. या आजारात शरीर बराच काळ रक्तातले आकडे सांभाळून धरतं आणि रिपोर्ट नॉर्मल असतानाही मूल गंभीर असू शकतं. हाताला बर्फासारखा गारवा, पाठीवर बारीक मऊ लव, जिना चढताना धाप, रात्रीची झोप उडालेली, हे सगळं आम्हाला दिसत होतं. पण प्रत्येक डॉक्टर आपापल्या भागापुरतं बघत होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती शाळेच्या प्रार्थनेला उभी असताना पडली. आमच्या पेठेतल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी मशीन न लावता मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ४२. मग आडवं झोपवून बीपी बघितलं, उभं करून पुन्हा बघितलं. उभं राहिल्यावर बीपी खाली आणि नाडी एकदम वर. तिला बाहेर बसवून ते मला म्हणाले, "ही पैलवानाची नाडी नव्हे. नीट जेवणाऱ्या खेळाडूची नाडी सावकाश असते, पण त्याचे हात गरम असतात आणि त्याची पाळी जात नाही. हृदय काटकसर करतंय." राजारामपुरीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमच्या नावानं त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि तिथल्या तिथं फोनही लावला. तुमच्या घरात असं काही वाटत असेल, तर निदान एवढं करा: कुठल्याही डॉक्टरांकडं गेल्यावर झोपलेल्या आणि उभ्या स्थितीतली नाडी आणि बीपी दोन्ही मोजायला सांगा, आणि ईसीजी काढून घ्या. ईसीजीला आम्हाला ३०० रुपये पडले. महिनाभराच्या खर्चात खरा उपयोग झाला तो याच ३०० रुपयांचा.

मानसोपचार म्हटल्यावर घरात थोडी चलबिचल झाली. माझी आई म्हणाली, "पोरीला येडी ठरवताय व्हय रं?" मी तिला सोबतच घेऊन गेलो. ते बरं झालं, कारण मॅडमनी आधी आजीशीच बोलायला सुरुवात केली. पहिल्या भेटीची फी ८०० रुपये, आणि त्यांनी आम्हाला सव्वा तास दिला. जाताना वजनाच्या जुन्या नोंदी, म्हणजे शाळेचं आरोग्यकार्ड आणि तालमीतलं रजिस्टर, पाळीच्या तारखा आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेनं लावून न्या. मॅडमनी लहानपणापासूनच्या उंची-वजनाचा आलेख काढला आणि तो कुठं वाकलाय ते बोटानं दाखवलं.

त्या दिवशी मॅडमनी जे समजावलं, त्यावर आमचे पुढचे सगळे महिने उभे राहिले, म्हणून ते सविस्तर सांगतो. लेटरहेडच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मेंदू काढला आणि तळाशी एक ठिपका दिला: हायपोथॅलॅमस. भूक, तहान, शरीराचं तापमान, पाळीची हार्मोन्स, सगळ्यांचा कारभार इथून चालतो. १९५१ मध्ये बाळ कृष्ण आनंद या भारतीय शास्त्रज्ञांनी अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर उंदरांवर प्रयोग केले. हायपोथॅलॅमसचा बाहेरच्या बाजूचा भाग दोन्हीकडून निकामी केला, की समोर अन्न असूनही उंदीर खायचे थांबत. भुकेला मेंदूत जागा आहे हे त्यातून ठळकपणे पुढं आलं. हेच आनंद पुढं दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. आज चित्र आणखी बारीक झालंय. हायपोथॅलॅमसमधल्या आर्क्युएट न्यूक्लियस या भागात पेशींचे दोन गट आहेत. एजीआरपी नावाच्या पेशी चेतल्या की भूक लागते, पीओएमसी पेशी चेतल्या की पुरे वाटतं. शरीर या दोघांना सतत खबर देत असतं. चरबीतून लेप्टिन येतं, ते साठा किती आहे ते सांगतं. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं त्याचं जनुक शोधलं. रिकाम्या जठरातून घ्रेलिन येतं, ते भूक वाढवतं; ते १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. जेवताना आतड्यातून निघणारी हार्मोन्स आणि व्हेगस ही मज्जारज्जूच्या बाहेरून जाणारी लांब नस मेंदूला कळवतात, की पोट भरत आलं.

मी विचारलं, "मग हिचं यातलं काय बिघडलंय?" मॅडम म्हणाल्या, यातलं बहुतेक काहीच नाही. ॲनोरेक्सियात लेप्टिन खूप खाली गेलेलं असतं आणि घ्रेलिन वाढलेलं असतं. म्हणजे शरीर बरोबर हाका मारत असतं. मी ऑइल इंजिनांवर हात काळे केलेला माणूस, मला ते इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरसारखं वाटलं: लोड आला, वेग पडला, की गव्हर्नर इंधन वाढवायला जातो, इथं गव्हर्नर आपलं काम करतोय, पण वरून कुणीतरी इंधनाचा रॅक दाबून धरलाय. दाबून धरणारे हे भाग मेंदूत वरच्या मजल्यावर आहेत. आतड्याच्या, पोटाच्या संवेदना मेंदूच्या ज्या इन्सुला नावाच्या भागात उमटतात, तिथं त्या वेगळ्याच उमटतात, दोन घास खाल्ले तरी गच्च वाटतं. खाण्यातून मिळणारा आनंद उणा होतो आणि ताट बघून भीती वाटते. न खाल्लं की भीती उतरते, म्हणून मेंदू न खाणंच शिकतो. पुढं त्याची सवय होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मेंदूचे स्कॅन करून दाखवलं, की या रुग्णांत काय खायचं हे ठरवताना डॉर्सल स्ट्रायटम हा सवयींशी जोडलेला भाग जास्त गुंतलेला असतो. २०१९ मध्ये जवळपास १७,००० रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात धोका वाढवणाऱ्या आठ जागा सापडल्या, आणि काही धागेदोरे मानसिक आजारांशी तर काही थेट चयापचयाशी जुळले. म्हणजे एकाच तालमीतल्या दहा मुली वजन कमी करतील आणि त्यातल्या एखादीलाच हा आजार धरेल, याला तिच्या शरीराची ठेवणही कारण असते. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा लेक पहिल्यांदा रडली. तोवर तिला वाटत होतं, आपण नाटकं करतोय असं सगळ्यांना वाटतं.

मग फराळाचं कोडं. मॅडमनी मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वखुशीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पावपट घटलं. ही धडधाकट माणसं दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली, काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली, ताटातलं अन्न चिवडत तासन्तास बसायची, उदास आणि चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली. त्यांना कुणालाही मानसिक आजार नव्हता, नुसती उपासमार होती. म्हणजे आम्हाला लेकीत जे दिसत होतं, त्यातलं बरंच काही उपाशी मेंदूचं होतं. यावरून मॅडमनी जे सांगितलं ते मी त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं: तिची मनाची तयारी झाल्यावर ती जेवेल म्हणून थांबायचं नाही. आधी वजन, मन त्यानंतर सुधारतं. उपाशी मेंदूला समुपदेशन पचत नाही.

त्या आठवड्यात ओपीडीतून उपचार करायला मॅडमनी साफ नकार दिला. नाडी दिवसा ५० च्या खाली आहे, पोटॅशियम कमी आहे, आधी ॲडमिट करा. १९ डिसेंबरला एका खाजगी हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ॲडमिट केलं, मॅडम रोज येऊन बघायच्या. मला वाटलं होतं, सलाइन लावतील आणि भरपूर खायला घालतील. तसं करत नाहीत. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम खाऊ घातलं, तर इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून आधी थायमिन (बी-१ व्हिटामिन), मग मोजून-मापून खाणं, रोज रक्त आणि रोज ईसीजी. फॉस्फेटची तपासणी नेहमीच्या पॅकेजमध्ये नसते, ती वेगळी लिहून घ्यावी लागते. आम्हाला दर खेपेला ३५० रुपये पडायचे आणि रिपोर्ट संध्याकाळी यायचा. घरच्या घरी "आता भरपूर खा" म्हणून सुरुवात करणाऱ्यांनी हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. ३० तारखेला डिस्चार्ज मिळाला. बिल ७४,००० च्या घरात, औषधं आणि लॅब वेगळी.

कॅशलेस नाकारलं गेलं होतं. विमा कंपनीचा मेल होता: मानसिक आजार पॉलिसीत समाविष्ट नाही. आम्ही पैसे भरले आणि जानेवारीत रिइम्बर्समेंटचा क्लेम टाकला. फेब्रुवारीच्या शेवटी तोही त्याच कारणानं फेटाळला. इथं हार मानू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ च्या पोटकलम ४ नुसार शारीरिक आजारांना जसा विमा, तसाच मानसिक आजारांनाही द्यायला कंपन्या बांधील आहेत, आणि विमा नियामकानं ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं परिपत्रकही काढलंय. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. त्यात कलमाचा उल्लेख, फेटाळल्याचं पत्र, डिस्चार्ज समरी, ईसीजी आणि पोटॅशियमचे रिपोर्ट जोडले. डिस्चार्ज समरीवर निदानाबरोबर एफ ५०.० हा ॲनोरेक्सियाचा कोड आणि "ब्रॅडिकार्डिया, हायपोकॅलेमिया" (मंद नाडी, कमी पोटॅशियम) असं स्पष्ट लिहून घेतलं होतं, त्याचा फार उपयोग झाला. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच समरीचा मसुदा मागून वाचा, नंतर दुरुस्ती करून घेताना नाकी नऊ येतात. पहिलं उत्तर गोल-गोल आलं. मग नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. मे महिन्यात लॅबचे काही पैसे वगळून बाकी रक्कम खात्यात जमा झाली. तिथंही काही झालं नसतं तर पुढची पायरी विमा लोकपाल. आपल्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. मॅडमनी फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट ही पद्धत सांगितली. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात तिचा पाया घातला गेला. तीन टप्पे असतात. पहिल्यात काय, किती, कधी खायचं हे पूर्णपणे आई-वडील ठरवतात आणि प्रत्येक खाण्याला समोर बसतात. दुसऱ्यात हळूहळू कारभार मुलीच्या हाती देतात. तिसऱ्यात तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न. या वयातल्या मुलामुलींसाठी सगळ्यात जास्त पुरावा याच पद्धतीला आहे, असं मॅडम म्हणाल्या. ॲनोरेक्सिया बरा करणारी गोळी अजून नाही. झोप लागावी आणि डोक्यातला गलका कमी व्हावा म्हणून काही आठवडे रात्री ओलान्झापिनचा लहान डोस दिला, तोही पुढं थांबवला. पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ ताई दर बुधवारी ऑनलाइन भेटायच्या, फी १,२०० रुपये.

दिवसात तीन जेवणं आणि तीन मधली खाणी. हिच्या आईनं एप्रिलपर्यंत बिनपगारी रजा घेतली. दुपारचं खाणं मी शाळेत घेऊन जायचो. मुख्याध्यापिकांना मॅडमचं पत्र दिलं होतं, त्यांनी लायब्ररीशेजारची खोली दिली. हजेरीसाठी मेडिकल सर्टिफिकेटची प्रत वर्गशिक्षिकांकडं आणि पोच घेतलेली प्रत घरी ठेवली.

जानेवारीतल्या एका रात्रीचं जेवण सांगतो, म्हणजे अंदाज येईल. ताटात एक ज्वारीची भाकरी, वर लोणी, पिठलं, दही. साडेआठला ताट पुढं ठेवलं. तिनं भाकरीचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवला. लोणी बोटानं ताटाच्या कडेला पुसलं. तुकडे नखाएवढे केले, पिठल्याला लावले, पुन्हा खाली ठेवले. हात थरथरत होते. माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, मला खरंच जात नाही." आणि खरंच जात नसतं, कारण या आजारात जठर रिकामं व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं. हिच्या आईनं पुसलेलं लोणी पुन्हा भाकरीवर लावलं आणि शांतपणे म्हणाली, "भीती वाटतीया ते कळतंय मला. हा घास घे." तेवढंच. पुन्हा पाच मिनिटांनी तेच वाक्य. समजावणं नाही, रागावणं नाही, "किती बारीक झालीस" नाही आणि "आता छान भरलीस" तर अजिबात नाही. ताट दहाला संपलं. नंतर तासभर आम्ही तिघं पत्ते खेळत बसलो, कारण जेवल्यावरचा तास तिला सगळ्यात जड जायचा. या तासात मुलीला एकटं सोडू नका, बाथरूममध्येही लगेच जाऊ देऊ नका. मुलं उलटी काढतात किंवा चोरून जोर-बैठका मारतात.

आजीला "खा की गं, अशानं कसं व्हायचं" हे म्हणायचं थांबवणं कठीण गेलं. मग तिला काम दिलं. खजूर, शेंगदाणे आणि तुपाचे लाडू वळायचे, थंडाई घोटायची. आजोबांच्या वेळचा खुराक पुन्हा घरात आला. वजन दर शनिवारी दवाखान्यात, काट्याकडं पाठ करून. घरातला काटा मी वर्कशॉपला नेऊन ठेवला. फेब्रुवारीत पायांवर सूज आली, पोट पुढं दिसायला लागलं, आणि तिला वाटलं नुसती चरबी चढतेय. खाणं सुरू झाल्यावर असं होतं आणि ते ओसरतं, हे आधीच माहीत असतं तर तो आठवडा थोडा सोपा गेला असता. मार्चमध्ये उलटंच झालं, भूक फुटली. रात्री दोनला उठून भाकरी-दूध मागायची आणि घाबरायची, की आता हे थांबणारच नाही. मॅडमनी सांगितलं, द्या. शरीर जुनी तूट भरून काढतंय.

दवाखान्यात बसून हेही कळलं, की खाण्याचे आजार फक्त बारीक मुलींचे नसतात. बुलिमियात एकदम खूप खाऊन उलट्या काढतात, वजन नॉर्मल दिसतं आणि पोटॅशियम घसरून हृदयाला धोका होतो. बिंज इटिंगमध्ये खाणं आवरत नाही, पण उलट्या नसतात. नंतर लाज वाटते म्हणून माणूस गप्प बसतो. मुलग्यांनाही हे आजार होतात. बुलिमियात फ्लुओक्सेटिनसारख्या गोळीचा उपयोग होतो, वजन खूप घटलेल्या ॲनोरेक्सियात तिचा तसा गुण येत नाही. आजार वेगळा तसा उपचार वेगळा, म्हणून निदान नीट होऊ दे. जवळ कुणीच नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आम्ही एका वाईट रात्री त्यावर बोललो होतो.

जूनमध्ये दहावी सुरू झाली आणि दुसरा टप्पाही. आधी चार वाजताचं खाणं तिच्या हातात दिलं. एकदा ती मैत्रिणींबरोबर मिसळ खायला गेली आणि कट मागून घेतला, हे तिच्या मैत्रिणीनं आम्हाला सांगितलं. ऑगस्टमध्ये पाळी आली. सप्टेंबरात बोन डेन्सिटीसाठी डेक्सा स्कॅन केला, २,५०० रुपये. कमरेच्या मणक्यात हाडं वयाच्या मानानं थोडी विरळ आहेत. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि नेमक्या हाडं भरायच्या वयात ती भरत नाहीत. कॅल्शियम, डी व्हिटामिन चालू आहे, पण मुख्य औषध म्हणजे वजन आणि नियमित पाळी. या नवरात्रात घरात कुणीच उपवास केला नाही. आईनं घट बसवले, रोज माळ घातली, आणि नऊ दिवस पुरणावरणाचा नैवेद्य दाखवून सगळ्यांनी तो खाल्ला. लेकीला उपवासाची परवानगी पुढची काही वर्षं नाही, हे मॅडमनी कागदावरच लिहून दिलंय. नातेवाइकांना तो कागद दाखवला की प्रश्न थांबतात.

कुस्तीचं अजून ठरायचं आहे. मी वस्तादांना सगळं सांगितलं होतं. ते घरी आले, तिच्यासमोर चहा घेतला आणि म्हणाले, "पोरी, वरच्या गटात खेळायचं. खालचा गट माझ्याकडनं बंद." मॅडमच्या अटी तीन आहेत: सलग सहा महिने पाळी नियमित, ईसीजी आणि नाडी ठीक, आणि सरावाच्या दिवशी जादा खाणं न सांगता घेतलं जाणं. तोवर तिला मॅटवर फक्त डावपेचांचा सराव, तोही आठवड्यातून दोनदा, आणि वजनाच्या रजिस्टरमध्ये तिचं पान कोरं. पुढची तपासणी जानेवारीत आहे, बोर्डाच्या परीक्षेआधी. परीक्षेच्या दिवसांत मधलं खाणं कोण घेऊन जाणार, हे आम्ही आत्ताच ठरवून ठेवलंय: पहिल्या पेपरला मी, गणिताला आजी.